अळूचे पान आणि प्रवासभत्त्याची फाइल

शिक्षणधोरणाविषयी अलीकडे जे काही वाचनात येते, त्यात ‘कृतीतून शिक्षण’ हा शब्दप्रयोग हटकून भेटतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी या टप्प्याला स्वतंत्र स्थान दिले आणि अनुभवाधारित अध्ययनाचा पुरस्कार केला. या तीन वर्षांत केव्हातरी दहा दिवस मुलांनी दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन काही शिकावे, अशी शिफारसही केली. हेतूबद्दल वाद नाही. माझा प्रश्न निराळा आणि काहीसा रुक्ष आहे. वर्गात मुले हातांनी काही करू लागतात, तेव्हा त्या कृतीमागे कोणते शासकीय आदेश उभे असावे लागतात? आपल्या देशातील एका जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर तीस वर्षे देऊन दाखवले होते. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्या वेळी मला ते कळले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, नोकरीत नुकताच स्थिरावत असताना, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत मी तपासणीसाठी गेलो होतो. (जिल्ह्याचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे.) तिकडे ‘माध्यमिक शाला’ म्हणजे सहावी ते आठवीची शाळा. पावसाळ्याचे दिवस होते. सहावीच्या वर्गात पोहोचलो तर वर्ग रिकामा. मुले शाळेमागच्या बांधावर झाडे उपटत होती. थोड्या वेळाने चिखलाने भरलेल्या हातांनी ती परतली, चार-चार जणांच्या टोळ्या करून जमिनीवर बसली आणि आणलेल्या रोपांचे ढीग लावू लागली. तूर, सोयाबीन, टाकळा, तुळस एकीकडे. मका, ज्वारी, दूर्वा दुसरीकडे. प्रत्येक टोळीने वहीत तक्ता आखला होता: पानाच्या शिरा जाळीदार की समांतर, मूळ सोटमूळ की तंतुमुळांचा झुबका. मला खुर्ची दिली गेली, पण माझ्यासाठी पाठ थांबवण्यात आला नाही. हे मला तेव्हा खटकले होते, हेही कबूल करतो.

तक्ते भरत आले तसा मुलांना मेळ दिसू लागला. ज्याचे पान जाळीदार त्याचे मूळ सोटमूळ, ज्याच्या शिरा समांतर त्याला तंतुमुळे. एक मुलगा उठून तसे सांगूही लागला. इतक्यात एका मुलीने घरामागच्या मोरीजवळून आणलेला अळू पुढे केला. तिकडे त्याला घुइयां म्हणतात. पान जाळीदार, आणि खाली कांद्याला चिकटलेला तंतुमुळांचा झुबका. नियम मोडला. त्या मुलाने फर्मान काढले, हे झाड चुकीचे आहे, फेकून दे. गुरुजी म्हणाले, “फेकायचं नाही. तक्त्यात लिहायचं. कुठल्या रकान्यात बसत नसेल तर नवा रकाना आखा.” वर्गात कालवा सुरू झाला. मुलीचे म्हणणे होते की झाड खोटे बोलत नाही, मुलाचे म्हणणे होते की एका झाडासाठी नियम कशाला सोडायचा. दोन मुले आणखी अळू उपटायला धावली, हा एकच असा आहे की सगळे असेच आहेत ते पाहण्यासाठी.

मी गुरुजींना बाजूला बोलावून विचारले, “खरे उत्तर काय आहे?” ते म्हणाले, “मला ठाऊक नाही, साहेब. महिन्याच्या बैठकीत विचारतो. मुलं सवालीरामला पत्र लिहितील.”

अधिकाऱ्यापुढे ‘मला ठाऊक नाही’ म्हणणारा शिक्षक मी प्रथमच पाहत होतो. शेरेबुकात मी लिहिले: ‘वर्गात शिस्तीचा अभाव. विषयावर शिक्षकाचे प्रभुत्व अपुरे.’ खाली सही आणि दिनांक.

इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाने हे लिहावे, याचे मला पुढे फार वाईट वाटले. दप्तरखान्यात आपल्या सिद्धान्ताशी न जुळणारा कागद सापडला की तो बाजूला सारायचा नसतो, हे आमच्या प्राध्यापकांनी दोन वर्षे शिकवले होते. तेच सहावीतल्या मुलांकडून करून घेतले जात होते, आणि मला केवळ गलका ऐकू आला. अळू एकदलच असतो. एकदल वनस्पतींत जाळीदार पानांचे जे मोजके अपवाद आहेत, त्यांत त्याची गणना होते. हे मला बऱ्याच वर्षांनी समजले. त्या मुलीने पाठ्यपुस्तकाच्या नियमाचा अपवाद स्वतः शोधला होता.

मी पाहिला तो होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. त्याची सुरुवात 1972 मध्ये जिल्ह्यातील 16 शाळांत झाली. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांना राज्य शासनाने सरकारी शाळांत प्रयोग करण्याची मुभा दिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून आलेले अनिल सदगोपाल किशोर भारतीचे संस्थापक. त्याच संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक सुट्ट्यांत येऊन शिक्षकांबरोबर बसत. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे तो चालवला. मुलांच्या हाती ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे पुस्तक असे. त्यात प्रयोग कसा करायचा ते असे, प्रश्न असत, उत्तरे नसत. उत्तर मुलाने स्वतःच्या वहीत, स्वतः पाहिलेले लिहायचे. शंका राहिलीच तर सवालीराम या काल्पनिक व्यक्तीला पत्र टाकायचे. त्याच्याकडून खरोखर उत्तर येई.

मराठी वाचकांना यातला एक धागा परिचित असेल. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये वर्षभराची रजा घेऊन या कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकृत्या बांधण्याची त्यांची युक्ती तिथेच जन्मली. पुढे आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे.

मात्र खेळणी, प्रयोग आणि वैज्ञानिकांची नावे यांचेच कौतुक होत राहते, आणि खालची प्रशासकीय बांधणी कोणी पाहत नाही. निवृत्तीनंतर मी या कार्यक्रमाचे उपलब्ध साहित्य वाचून काढले, तेव्हा मला सर्वाधिक विस्मय त्या बांधणीचा वाटला. शिक्षकांचे उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे प्रशिक्षण होई, आणि त्यात त्यांना मुलांसाठीचे सगळे प्रयोग स्वतः करावे लागत. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक ‘संगम केंद्रा’वर जमत आणि आपापल्या वर्गातले अडलेले प्रश्न मांडत. ती उपस्थिती कर्तव्यावरची मानली जाई व तिचा प्रवासभत्ता मिळे. परीक्षानळ्या फुटतात, रसायने संपतात, चुंबक हरवतात. हे साहित्य शाळेला पुन्हा मिळण्याची सोय होती. परीक्षेत पुस्तक उघडून ठेवण्यास परवानगी होती आणि लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. आठवीच्या बोर्डाच्या परीक्षेतही शासनाने हे मान्य केले होते. एका जिल्ह्यासाठी वेगळे पुस्तक, वेगळी प्रश्नपत्रिका, वेगळी गुणदानपद्धती! ज्याने सरकारी टिपणी लिहिली आहे, त्याला यातल्या प्रत्येक वाक्याआड किती सह्या असतील याची कल्पना येईल.

‘बैठकीत विचारतो’ असे त्या गुरुजींनी मला सांगितले, ते या बांधणीच्या भरवशावर. बैठक होणार होती, तिथे वनस्पतिशास्त्र जाणणारा कोणीतरी असणार होता, आणि जाण्या-येण्याचा खर्च त्यांच्या खिशातून जाणार नव्हता. शिक्षकाला अज्ञान कबूल करता यावे यासाठी एवढी तजवीज लागते.

माझ्या आवडीच्या विषयात, म्हणजे सामाजिक शास्त्रांत, ‘एकलव्य’ने 1986 पासून मोजक्या शाळांत असाच प्रयोग केला. तिथल्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीचा पाठ कलमांच्या यादीऐवजी गावातील प्रत्यक्ष व्यवहारापासून सुरू होई. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

2002 मध्ये राज्य शासनाने विज्ञानाचा हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो पंधरा जिल्ह्यांतील हजाराच्या आसपास शाळांत आणि सुमारे लाखभर मुलांपर्यंत पोहोचला होता. युक्तिवाद असा होता की राज्यातील सर्व मुलांना एकच पुस्तक हवे, आणि या मुलांचे पुढच्या बोर्डाच्या परीक्षेतले निकाल समाधानकारक नाहीत. देशभरातील वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेधाची पत्रे लिहिली. निर्णय फिरला नाही. मी तेव्हा वेगळ्याच खात्यात होतो. बातमी वाचली आणि पान उलटले.

विरोधकांचे सगळेच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. आठवीपर्यंत प्रयोग करून आपले निरीक्षण लिहिणारे मूल नववीत गेले की त्याच्यापुढे व्याख्या आणि पाठांतर येई. हा सांधा तीस वर्षांत जुळला नाही. पालकांची धास्ती खरी होती, आणि ज्यांना हा सारा व्याप जड जाई असे शिक्षकही होते. परंतु नववीचा अभ्यासक्रम बदलण्याऐवजी सहावीचा बदलणे हा उपाय का निवडला गेला, याचे उत्तर शैक्षणिक नाही. समानतेच्या नावाखाली जे निराळे असेल ते सरळ करून टाकणे प्रशासनाला नेहमीच सोयीचे जाते. मीही माझ्या कारकिर्दीत ते पुष्कळदा केले आहे.

विचार मात्र मेला नाही. या कार्यक्रमाशी सुरुवातीपासून स्नेह असलेले प्रा. यश पाल 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते, आणि मुलाने ज्ञान स्वतः रचावे ही त्या आराखड्याची भूमिका होती. 2020चे धोरणही त्याच दिशेने बोलते. शब्द दिल्लीपर्यंत पोहोचले. संगम केंद्र, साहित्याची भरपाई आणि उघड्या पुस्तकाची परीक्षा वाटेत राहिली.

गेल्या वर्षी एका निराळ्या राज्यात, नातेवाइकांच्या गावी, सरकारी शाळेत ‘दप्तराविना दिवस’ पाहण्याचा योग आला. मुले रांगेत बसली होती. पाने गोळा करून चिकटवण्याची कृती होती. प्रत्येक पानाखाली काय लिहायचे ते फळ्यावर आधीच लिहिलेले होते, आणि मुले ते सुवाच्य अक्षरात उतरवीत होती. एक शिक्षक मोबाइलवर छायाचित्रे घेत होते. ती दुपारपर्यंत पोर्टलवर चढवायची होती. शिस्त उत्तम होती. शिक्षकही मनापासून काम करणारे होते, हे त्यांच्याशी दहा मिनिटे बोलल्यावर जाणवले.

मी त्यांना विचारले, एखाद्या मुलाने तुमच्या फळ्यावर न बसणारे पान आणले तर काय करता?

ते हसले. “असं सहसा होत नाही. कोणती पानं आणायची ते आदल्या दिवशी सांगतो.”

आणि तुम्हाला काही अडले तर? विज्ञानशिक्षकांची मासिक बैठक होते का?

“होते ना, साहेब. ऑनलाइन असते. माहिती कशी भरायची ते सांगतात.”

प्रवासभत्त्याविषयी विचारणार होतो, पण त्याची गरज राहिली नव्हती.