‘नेट बंद आहे’ म्हणजे नेमके काय बंद आहे?

आवणीच्या दिवसांत हातातले काम टाकून सातबाऱ्यासाठी सेवा केंद्रावर जावे आणि तेथे “नेट बंद आहे, उद्या या” असे ऐकावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. दिवस मोडतो, रोज बुडतो. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर नुकसान त्याहून मोठे. पण ‘नेट बंद’ या दोन शब्दांत निरनिराळे बिघाड दडलेले असतात. त्यातला एक असा की, वीज आहे, तार शाबूत आहे, सरकारी संगणकही चालू आहे. फक्त नावावरून पत्ता सापडत नाही. हा बिघाड पुष्कळदा जागच्या जागी दूर करता येतो.

तो समजण्यासाठी आपलेच शेत घ्या. घरात आपण त्याला ‘आंब्याखालचे’ म्हणतो. तलाठ्याच्या दप्तरात मात्र त्याचा गट नंबर असतो. संगणकांचेही तसेच. आपण नाव टाकतो, पण ते एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पूर्वी अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत सर्व नावांची एकच यादी असे व तिच्या नकला सगळीकडे जात. यादी आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी हे काम अनेकांत वाटून देणारी आजची व्यवस्था आखली.

पाकिटावर ‘मु. साखरशेत, ता. जव्हार, जि. पालघर’ असे लिहिले, तर पत्र पोहोचवताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव पाहावे लागते. सातबारा पाहण्याचे ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ हे नावही असेच शेवटाकडून शोधले जाते. आधी ‘इन’ म्हणजे भारत, मग ‘गव्ह’ म्हणजे सरकार, मग महाभूमी, शेवटी भूलेख. यातले एक अक्षर चुकले तरी शोध थांबतो.

एकदा मिळालेला आकडा संगणक काही काळ आपल्याजवळ टिपून ठेवतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. पण जुन्या वहीतून पत्ता उतरवणाऱ्याच्या हातून ‘जि. ठाणे’च लिहिले जाणार. संगणकाजवळचे टिपण जुने झाले की तोही असाच चुकीच्या दारी जातो.

आता तपासणी कशी करावी?

१. दुसरे एखादे ठिकाण उघडून पाहा. तेही उघडले नाही, तर त्याच संगणकावरून ‘पिंग’ ही आज्ञा देऊन चार वेळा आठ, मध्ये टिंबे, हा आकडा विचारा. उत्तर आले, तर तार ठीक आहे व दोष नाव शोधण्यात आहे. उत्तर नाहीच आले, तर आधी तार, राउटर किंवा सिग्नल पाहावा.

२. एकच ठिकाण उघडत नसेल, तर आधी स्पेलिंग पाहा. मग पडद्यावरचा संदेश वाचा. त्यात ‘डीएनएस’ ही अक्षरे असतील, तर नाव सापडलेले नाही. ‘वेळ संपली’ अशा अर्थाचा संदेश असेल, तर बहुधा नाव सापडले आहे, पण पलीकडून उत्तर येत नाही. अशा वेळी थोड्या वेळाने पाहणे हाच उपाय.

३. तेच नाव मोबाइलच्या नेटवर उघडून पाहा. तेथे उघडले, तर दोष केंद्राच्या जोडणीत आहे. राउटर दोन मिनिटे बंद करून पुन्हा लावावा आणि संगणकही बंद करून सुरू करावा. जुने टिपण पुसले जाते.

४. मोबाइलवर सिग्नल भरपूर, तरी काहीच उघडत नाही? सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ पाहा. तेथे कोणी भलतेच नाव भरले असेल, तर ‘ऑटोमॅटिक’ करा.

एक सावधगिरी मात्र हवी. नाव उघडत नाही म्हणून शोधयादीतल्या पहिल्याच जाहिरातीवर बोट ठेवू नका. नावाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा आहे ना, ते पाहूनच आधार क्रमांक किंवा पैसे भरा.

इतके करूनही काम झाले नाही आणि मुदत संपत असेल, तर पडद्यावरील संदेशाचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा. मुदतीबद्दल अर्ज करताना नुसत्या शब्दापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.