पावसाचे आंकडे डोळ्यांस दिसावे कसे?

देवळाली कॅम्पाच्या आसपास, दारणेकांठच्या बागाईतदारांस आतां आंकड्यांची वाण राहिली नाहीं. २०१७ सालापासून महावेध योजनेंत महसूल मंडळांमध्यें स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं; कित्येकांनीं तर स्वतःच्या द्राक्षबागेंतहि यंत्र लाविलें आहे. परंतु रकान्यांत भरलेला आंकडा आपण होऊन बोलत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत पर्जन्यमापकाच्या नोंदी वर्षानुवर्षें लिहिल्या, म्हणून हें अनुभवानें सांगतों.

कचेरीच्या तक्त्यांत गांवें ठराविक क्रमानें येत. तींच आगगाडीच्या वाटेनें, म्हणजे इगतपुरी, घोटी, देवळाली, नाशिक, निफाड अशीं मांडावीं. घाटमाथ्यावर वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस थोडक्या कोसांत कसा ओसरतो, तें तत्काळ दिसतें.

द्राक्षवाल्यास काळाचें चित्र अधिक उपयोगी. चौकटीच्या कागदावर एका दिवसाची एक ओळ व तासांचीं चोवीस घरें घ्यावीं. पान ओलें असेल तेवढीं घरें निळीं करावीं. दंव पहाटेच्या घरांत उभ्या पट्टीसारखें उमटतें, पाऊस वेडावांकडा कोठेंहि. ती पट्टी लागोपाठ कांहीं दिवस सूर्योदयानंतरहि लांबत चालली आणि हवा फार थंड वा फार उष्ण नसली, तर केवड्याचें भय जाणावें. दिवसाची सरासरी आर्द्रता पाहणारास ही पट्टी कधींच दिसत नाहीं. ऑक्टोबर छाटणीनंतर हा कागद दाराशीं टांगलेला बरा.

आणखी एक गोष्ट. पावसाची नोंद सकाळीं साडेआठ ते दुसऱ्या दिवशीं साडेआठ अशी धरितात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांवर गेला म्हणजे अतिवृष्टि. समजा, पहाटेपासून दुपारपर्यंत ७० मिलिमीटर कोसळला, त्यांत साडेआठापूर्वीं ४० व नंतर ३०. वहींत दोन तारखा पडतात आणि एकहि अतिवृष्टीची नाहीं! बांध फुटलेल्या शेतकऱ्याजवळ तासांचा कागद असल्यास निदान बोलावयास आधार राहतो.

शून्याविषयींहि सावध असावें. आमच्या नोकरींत एकदां मापकाच्या नरसाळ्यांत पाला अडकून पाणी बाहेरच वाहून गेलें, व आम्हीं निःशंकपणें शून्य लिहिलें. शेजारच्या गांवांच्या नोंदी जवळ मांडल्या असत्या तर निळ्यांमध्यें तें एक पांढरें घर तेव्हांच खुपलें असतें. आजच्या यंत्रांतहि पाला व कोळिष्टकें अडकतातच. त्या दिवशीं तेथील नाल्यास पूर आला होता, हें आम्हांस पुढें आलेल्या अर्जांवरून कळलें.