सागाच्या भुशातील लिग्निन

लाकडातील सेल्युलोजचे तंतू ज्या कठीण बहुवारिकाने, म्हणजे असंख्य लहान रेणू जोडून बनलेल्या महारेणूने, एकमेकांशी जखडलेले असतात त्याला लिग्निन म्हणतात. चंद्रपूर-बल्लारपूर भागात सागवान चिरताना पडणाऱ्या भुशात त्याचे प्रमाण साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके भरते. ते मोजण्याची रूढ रीत स्वीडिश रसायनज्ञ पीटर क्लासोन यांच्या नावाने ओळखली जाते, परंतु निकालाची खरी भिस्त मोजणीपूर्वीच्या धुण्यावर असते. सागात वाळवीला दूर ठेवणारी क्विनोन वर्गातील द्रव्ये व तेलकट अंश असल्याने चाळलेला भुसा सॉक्सलेट उपकरणात अल्कोहोल आणि टोल्युइनच्या मिश्रणाने, उतरणारा द्रावक रंगहीन होईपर्यंत, धुवावा लागतो. ही पायरी टाळली तर त्यांतील काही द्रव्ये आम्लात घट्ट होऊन लिग्निनच्या वजनात मिसळतात आणि आकडा फुगतो.

वाळलेल्या 300 मिलिग्रॅम भुशावर 72 टक्के तीव्रतेचे 3 मिलिलिटर सल्फ्यूरिक आम्ल घालून ते 30 अंश सेल्सिअसला तासभर मधूनमधून ढवळले जाते, तेव्हा सेल्युलोजची बांधणी सुटून भुशाचा काळपट लगदा बनतो. पुढे पाणी घालून आम्ल 4 टक्क्यांवर आणतात व ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर आणखी तासभर ठेवतात. शर्करा विरघळतात आणि तपकिरी गाळ उरतो. तो गरम पाण्याने धुऊन, वाळवून तोलतात, मग 575 अंशांच्या भट्टीत जाळून राखेचे वजन वजा करतात. आम्लात विरघळलेला अल्पांश अतिनील किरणांच्या शोषणावरून निराळा मोजावा लागतो.

हा गाळ मोजणीपुरताच, कारण तीव्र आम्लामुळे त्याच्या रेणूंत नवे बंध जुळून मूळ रचना बदललेली असते. वापरासाठी लिग्निन हवे असल्यास भुसा कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवतात आणि त्या काळ्या द्रावणात हळूहळू आम्ल घालून सामू, म्हणजे आम्लतेचे माप, 2 पर्यंत उतरवतात. येथे घाई नडते: थंड द्रावणात आम्ल एकदम ओतले तर कण इतके बारीक पडतात की गाळणकागद तुंबतो, आणि द्रावण ऊन ठेवले तर तेच कण एकत्र येऊन सहज गाळले जातात. अवरक्त वर्णपटात 1510 प्रति सेंटिमीटरजवळची शिखा बेंझीनसारखी कडी दाखवते, पण तेवढ्यावरून नमुना शुद्ध ठरवणे उथळपणाचे होय; 1030 ते 1050 च्या पट्ट्यात उरलेल्या शर्करांची खूणही तपासावी लागते. भुसा एकच असला तरी क्लासोन लिग्निन आणि सोडा लिग्निन हे भिन्न पदार्थ होत, म्हणून पद्धत न सांगता दिलेला लिग्निनचा आकडा ग्राह्य धरता येत नाही.