ताट तपासता, फवारणीचा पंप का नाही?

"पपई खाल्ली असन तिनं!" हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत कुठंही एखादीचा गर्भ पडला, की ओसरीवरचा पहिला निकाल हाच. मग उलटतपासणी: बादली उचलली का? गाडीवर बसली का? सगळे प्रश्न तिलाच. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा नीट सांगते.

पिकलेल्या पपईने गर्भ पडत नाही. शंका आहे ती कच्च्या पपईच्या चिकाबद्दल. 2002 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये आलेल्या प्रयोगात या चिकाने उंदरांचं गर्भाशय आकुंचन पावलं. पिकलेल्या पपईच्या रसाने तसं झालं नाही. कच्ची टाळा, पण एका पिकल्या फोडीवरून बाईवर खटला भरू नका.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते. एखादं जास्त, एखादं कमी. असा गर्भ बाई नुसती पलंगावर पडून राहिली तरी बहुधा टिकत नाही. वय वाढतं तशी ही शक्यता वाढते. बाकीच्यांत आटोक्यात नसलेला मधुमेह, थायरॉईड, रक्तदाब, मलेरिया अशी कारणं असू शकतात. ती तपासणीत सापडतात, ताटात नाही.

आता जे कोणी विचारतच नाही ते. कपाशीवर फवारणी सुरू झाली की पंप नवऱ्याच्या पाठीवर असतो. पण ड्रममध्ये पाणी आणून टाकते ती, अनेकदा औषध कालवते ती आणि संध्याकाळी त्याचा भिजलेला शर्ट हाताने धुते तीच. विषाला आपण 'औषध' म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. 1991 साली 'एन्व्हायरन्मेंटल रिसर्च'मध्ये भारतातल्याच कापूसवाल्यांचा अभ्यास छापून आला. नवरा फवारणी करतो अशी हजारावर जोडपी आणि फवारणीशी संबंध नसलेली जवळपास तेवढीच. पहिल्या गटात गर्भपात आणि मृतजन्म जास्त निघाले. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण पिकलेल्या पपईविरुद्ध एवढाही पुरावा नाही.

उन्हाचंही तेच. तमिळनाडूत 800 गर्भवतींच्या अभ्यासात, तापलेल्या जागी काम करणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण सुमारे 5 टक्के होतं, इतरांत 2 टक्के. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि रोजंदारी काही थांबत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

'एसटीत बसली म्हणून पडला.' साध्या प्रवासाने निरोगी गर्भ पडत नाही.

'ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला.' ओठ गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच जुळायचा असतो. विळीचा त्याच्याशी संबंध नाही.

'खर्रा खाते, सिगारेट थोडीच ओढते?' मुंबईत 1,217 गर्भवतींच्या अभ्यासात (बीएमजे, 2004) बिनधुराच्या तंबाखूमुळे बाळाचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं.

'रक्त कमी तर सगळ्यांचंच असतं.' म्हणून ते चालतं असं नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं होऊ शकतं. विदर्भात सोबत सिकलसेलचीही तपासणी करून घ्या.

'एकदा पडला, आता पडतच राहणार.' एका गर्भपातानंतर बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण व्यवस्थित होतं.

तेव्हा दिवस गेलेल्या बाईला फवारणीच्या शेतात पाठवू नका, औषध कालवायला लावू नका. फवारणीचा शर्ट ज्याचा त्याने, वेगळ्या पाण्यात धुवावा. आणि जिचा गर्भ पडला तिला काय खाल्लं होतंस म्हणून विचारू नका. आज जेवलीस का, तेवढं विचारा.