मोंढ्यातल्या ॲपेमागचा माणूस

मार्च उलटला की हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डाकडे गाड्यांची रीघ लागते. ज्यांची हळद भरपूर, त्यांचे ट्रॅक्टर आणि टेम्पो येतात. पाच-सात पोती घेऊन येणारा शेतकरी मात्र ॲपे करतो. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही फाट्यावर पाहा, तीन चाकांची ही गाडी उभी असतेच. एसटी चुकलेली लेकुरवाळी, दवाखान्याला निघालेले म्हातारे, बाजारहाटाची टोपली, खताची गोणी हे सगळे तिच्यात मावते. परवान्यात लिहिलेल्यापेक्षा माणसे जास्त बसतात हे पोलिसांनाही ठाऊक आहे. पण आडगावी दुसरे वाहन नसते, हेही तितकेच खरे.

या गाडीच्या कंपनीचा कारभार 20 वर्षे ज्याने सांभाळला, त्या रोबेर्तो कोलानिनोबद्दल मराठीत फारसे कुणी लिहिलेले नाही. ऑगस्ट 2023 मध्ये, वयाच्या 80व्या वर्षी, तो गेला.

कोलानिनोचा जन्म 1943 मध्ये उत्तर इटलीतल्या मांतोव्हा या गावी झाला. मोटारींचे फिल्टर बनवणाऱ्या तिथल्याच एका कारखान्यात 1969 मध्ये तो लागला आणि चढत चढत कारभारी झाला. 1981 मध्ये त्याने सोजेफी ही सुट्या भागांची कंपनी उभी केली. 1996 मध्ये ऑलिवेट्टीची सूत्रे त्याच्याकडे आली. टाइपरायटरमुळे जगभर नाव झालेली ही कंपनी तेव्हा संगणकाच्या धंद्यात पार खचली होती. कोलानिनोने संगणक विभाग विकला, मोबाइल फोनच्या धंद्याला धरून ठेवले आणि 1999 मध्ये सगळ्या युरोपला धक्का दिला. आपल्याहून कितीतरी मोठ्या टेलिकॉम इटालियावर, तिच्या व्यवस्थापनाचा विरोध असताना, त्याने निम्म्याहून अधिक भागांचा ताबा मिळवला. त्यासाठी प्रचंड कर्ज काढले होते. दोन वर्षांत, 2001च्या जुलैमध्ये, मोठ्या भागधारकांनी आपला हिस्सा पिरेली आणि बेनेट्टन यांना विकला आणि कोलानिनो बाहेर पडला. कर्जाचा भार मात्र कंपनीवर पुढे अनेक वर्षे राहिला. त्याच्या कारकिर्दीवर लिहिणारे बहुतेक लोक याच लढाईत रमतात. मला ती त्याची मोठी कामगिरी वाटत नाही.

मोठी कामगिरी ऑक्टोबर 2003 मध्ये सुरू झाली. तेव्हा तो साठीचा होता. इम्सी या आपल्या कंपनीमार्फत त्याने ॲपे बनवणारी, कर्जात बुडालेली पियाज्जो हाती घेतली.

पियाज्जोची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. 1884 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी विमाने बनवत असे. दुसऱ्या महायुद्धात पिसाजवळचा तिचा पोंतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांकडे पैसे नव्हते, रस्ते फुटलेले होते. कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने 1946 मध्ये व्हेस्पा स्कूटर आखली. दोनच वर्षांनी त्याच स्कूटरला मागे दोन चाके आणि हौदा जोडून ॲपे तयार झाली. पहिली ॲपे दोनेक क्विंटल माल नेत असे. मोडक्या रस्त्यांच्या, रिकाम्या खिशांच्या देशासाठी घडवलेली ही गाडी पुढे आपल्याकडे रुळली, याचे नवल वाटायला नको.

महाराष्ट्राशी पियाज्जोचे नाते जुने. बजाज ऑटोने तिच्याच परवान्यावर व्हेस्पा बनवली. तो करार 1971 मध्ये संपला. मग 1990च्या दशकाच्या शेवटी पियाज्जोने ग्रीव्ह्ज या कंपनीच्या भागीदारीत बारामतीच्या एमआयडीसीत कारखाना काढला आणि डिझेलवर चालणारी एका सिलिंडरची ॲपे रस्त्यावर आणली. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे जिल्हा आणि बारामतीची ॲपे साधारण एका वयाचे.

कोलानिनो आला तेव्हा हा कारखाना चालू होताच, त्याचे श्रेय त्याला देता येणार नाही. त्याने पोंतेदेरात काय केले ते पाहावे. डबघाईची कंपनी घेणारा नवा मालक सहसा आधी माणसे कमी करतो. कोलानिनोने कपात टाळली. जुळणीच्या रांगा नव्याने आखल्या, जेणेकरून ज्या मॉडेलला मागणी असेल त्यावर तेच कामगार वळवता येतील. कारखान्यात वातानुकूलन आणले. बोनस साहेबांपुरता न ठेवता कामगारांनाही दिला आणि तो नफ्याशी व ग्राहकाच्या समाधानाशी जोडला. 2004 अखेर अप्रिलिया आणि मोटो गुत्सी या अडचणीतल्या दोन मोटारसायकल कंपन्याही त्याने घेतल्या. 2006 मध्ये पियाज्जो मिलानच्या शेअर बाजारात नोंदली गेली. तीन वर्षांत झालेला हा पालट आहे.

दुसरे शहाणपण म्हणजे त्याने पूर्वेकडे पाहिले. 2009 मध्ये व्हिएतनामात कारखाना निघाला. एप्रिल 2012 मध्ये बारामतीत, वर्षाला दीड लाख स्कूटरच्या क्षमतेचा, व्हेस्पाचा नवा कारखाना सुरू झाला. बजाजचा करार सुटल्यावर चार दशकांनी व्हेस्पा पुन्हा महाराष्ट्रात तयार होऊ लागली. ॲपे तर बारामतीहून आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतही जाते.

सगळेच साधले असे नाही. 2008 मध्ये बुडती अलितालिया विमानकंपनी सावरायला इटालियन उद्योजकांचा गट पुढे आला, त्याचे अध्यक्षपद कोलानिनोने घेतले. तोटा काही थांबला नाही.

   

कोलानिनोनंतर मुलगा मात्तेओ कार्यकारी अध्यक्ष आणि धाकटा मिकेले मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. 2024च्या अखेरीस बातमी आली की पोंतेदेरातले ॲपेचे उत्पादन, 76 वर्षांनी, बंद होत आहे. युरोपचे सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम त्या छोट्या गाडीला पेलणारे नव्हते. बारामतीत ती बनतच राहिली आहे, आणि 2019 पासून विजेवर चालणारी ॲपेही तिथून निघते. आता खरा प्रश्न आपल्या बाजूचा आहे. ती विजेची गाडी सेनगावच्या वाडीवस्तीत चालायची, तर भारनियमनात तिची बॅटरी भरायची कुठे आणि बिघडल्यावर दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याला मिळणार का, याचे उत्तर बारामतीच्या आणि पोंतेदेराच्या साहेबांनी हिंगोलीच्या ॲपेवाल्याला विचारून शोधावे.