रक्तवाहिन्यांवर जनुकोपचार : रेडिऑलॉजिस्टची भूमिका कळीची

पायाच्या रोहिण्या अरुंद होत गेल्या, की आधी चालताना पोटऱ्या दुखतात. पुढे रात्रीही वेदना थांबत नाहीत आणि अखेर जखमा चिघळून पाय कापण्याची वेळ येते. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. फुग्याने मार्ग मोकळा करता येतो, बायपासही करता येते. परंतु घोट्याकडच्या बारीक रोहिण्याच बंद असतील, तर शल्यविशारदाच्याही हाती फारसे काही उरत नाही. अशा रुग्णांच्या शरीरालाच नव्या रक्तवाहिन्या निर्माण करायला लावता येतील काय, या प्रश्नातून हा उपचार पुढे आला.

प्राणवायू कमी पडला, की पेशी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना नव्या फांद्या फुटतात. हे प्रथिन टोचले तरी शरीरात फार काळ टिकत नाही. म्हणून ते तयार करणारे जनुकच नेमक्या जागी पोहोचवायचे, ही यामागील कल्पना. नेमकेपणाला महत्त्व अशासाठी, की हेच प्रथिन कर्करोगाच्या गाठीलाही रक्त पुरवू शकते.

नेमक्या जागी जाण्याची वाट रेडिऑलॉजीनेच दाखवली होती. १९६४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर या रेडिऑलॉजिस्टने क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत एका वृद्धेच्या पायातील अरुंद रोहिणी नळीने रुंद केली. तिने पाय कापून घेण्यास नकार दिला होता. तिचा पाय वाचला.

त्यानंतर सुमारे ३० वर्षांनी बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री आयस्नर यांनी फुग्यावर जनुकाचा लेप देऊन तो ७१ वर्षांच्या एका महिलेच्या पायातील रोहिणीत नेला. चार आठवड्यांनी अँजिओग्राफीत नव्या वाहिन्या दिसल्या. पायाला सूजही आली. आणि गँगरीन इतके पुढे गेलेले होते, की अखेर पाय कापावाच लागला.

चित्र सुधारले म्हणजे रुग्ण सुधारला, असे नव्हे. शिवाय अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्याच दिसतात. ऊतींना प्रत्यक्ष रक्त पाजणाऱ्या केशवाहिन्या तिच्या नजरेत येत नाहीत. त्यामुळे एमआरआयसारख्या तंत्रांनी रक्तपुरवठाच मोजण्याकडे कल वाढला. पुढे बहुतेक चाचण्यांत जनुक थेट स्नायूत टोचले जाऊ लागले आणि रेडिऑलॉजिस्टचे काम पोहोचवण्यापेक्षा पारखण्याचे झाले.

ही पारख कठोर ठरली. सुमारे ५०० रुग्णांवरील 'टॅमारिस' चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एफजीएफ या दुसऱ्या जनुकाने पाय कापण्याचे वा मृत्यूचे प्रमाण घटले नाही. त्याच वर्षी रशियाने मात्र व्हीईजीएफवर आधारित औषधाला मान्यता दिली. जपानने २०१९ मध्ये 'कोलाटेजीन' या औषधाला सशर्त परवाना दिला होता. नंतरच्या पाहणीत अपेक्षित परिणाम न दिसल्याने कंपनीने पूर्ण मान्यतेसाठीचा अर्ज २०२४ मध्ये मागे घेतला.