औषधाची पिशवी आणि तिचा विद्युतभार

शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर शरीरभर फिरते. गरज असते एखाद्या अवयवाला, उपद्रव मात्र सर्वांना होतो. त्यातून डीएनए किंवा आरएनए हेच औषध म्हणून द्यायचे असेल, तर रक्तातील विकरे वाटेतच त्यांचे तुकडे करतात. अशा औषधाला वेष्टन हवे. लायपोसोम हे असे एक वेष्टन आहे.

फॉस्फोलिपिडाच्या रेणूचे डोके जलस्नेही असते, तर दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळणाऱ्या. पाण्यात हे रेणू शेपट्या आत लपवून दुपदरी पडदा तयार करतात आणि तो मिटून पिशवी होते. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळील बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहम यांनी या पिशव्यांचा अभ्यास केला. आपल्या पेशींचे पटलही याच बांधणीचे असते. औषधासाठी वापरायची पिशवी साधारण १०० नॅनोमीटर व्यासाची असते. केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटर धरली, तर केसाच्या रुंदीवर अशा ८०० पिशव्या ओळीने मावतील.

आता भाराचा प्रश्न पाहू. डीएनए ऋणभारित आणि पेशीची बाहेरची बाजूही ऋणभारित. दोघांचे जमणार कसे? १९८७ साली अमेरिकेत फिलिप फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यस्थ म्हणून धनभारित मेदरेणू वापरले. ते डीएनएला चिकटतात आणि पेशीलाही. काचपात्रात वाढवलेल्या पेशींत जनुक घालण्याची ही पद्धत प्रयोगशाळांत लवकरच रूढ झाली.

परंतु शरीर म्हणजे काचपात्र नव्हे. रक्तातील अनेक प्रथिने ऋणभारित असतात. ती या कणांना चिकटतात, कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या फुफ्फुसांतील बारीक केशवाहिन्यांत अडकतात. शिवाय जास्त मात्रेत धनभारित मेद पेशीपटलच विस्कटतात आणि दाहही निर्माण करतात. याचे घरगुती उदाहरण म्हणजे जखम धुण्याच्या काही जंतुनाशकांतील सेट्रिमाइड. तोही धनभारित आणि लांब शेपटीचा रेणू आहे. जंतूंचे पटल फोडूनच तो त्यांना मारतो. ज्या गुणामुळे मेद पेशीत शिरतो, तोच गुण पेशीला घातकही ठरू शकतो.

परिणामकारकतेचे काय? ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांना धनभारित लायपोसोममधून निर्दोष जनुक दर महिन्याला, वर्षभर, तुषाररूपाने श्वासावाटे दिले गेले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बनावट औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेत ३.७ टक्के फरक पडला. सुरक्षिततेची मोठी अडचण आली नाही, पण लाभही माफकच होता.

यातून वाट निघाली ती सामूच्या मदतीने. रक्ताचा सामू ७.४ असतो. पेशी बाहेरचा कण ज्या पुटिकेत गिळते, तिच्यात तो ५ ते ६ पर्यंत उतरतो. म्हणून ज्यांचा पीकेए सुमारे ६.४ आहे असे मेद बनवण्यात आले. आपण हिशोब करून पाहू : सामू ७.४ असताना ११ रेणूंपैकी एकच धनभारित असतो, ५.४ असताना ११ पैकी १० होतात. म्हणजे रक्तात कण जवळजवळ उदासीन राहतो आणि पुटिकेत शिरल्यावरच धनभारित होऊन तिचे पटल फोडतो व औषध मोकळे करतो. अशा मेदकणांतून दिले जाणारे पॅटिसिरॅन हे औषध २०१८ साली अमेरिकेत संमत झाले. फायझर आणि मॉडर्ना यांच्या कोविडवरील आरएनए लशींतही याच जातीचे मेद आहेत.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. साबणाच्या फेसाळ पाण्यात सेट्रिमाइड असलेल्या जंतुनाशकाचे थेंब टाकत जा. द्रावण गढूळ होते, फेस बसतो. साबणाचे ऋणभारित रेणू आणि सेट्रिमाइडचे धनभारित रेणू एकमेकांना बिलगले. रक्तात शिरलेल्या धनभारित लायपोसोमचे काय होत असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांना यावरून सहज येईल. मग त्यांना विचारा : औषधाचा भार नेमका कधी आणि कोठे प्रकट व्हावा?